दर्याकडचे अंगण उघडे असावे

चैत्र वद्य द्वितीया
साध्य आधी लिहितो : समुद्रकाठच्या वाड्यापुढे झाडांची रांग असू नये. या नोंदी तेवढ्याचसाठी.
कैलासवासी सरदारांच्या पत्नी बाईसाहेब कोकणातल्या वाड्यात राहावयास जाणार. पुढल्या बागेची आखणी मला विचारली आहे. वाडा आणि दर्या यांच्यामध्ये जुनी उंडीची झाडे व केवड्याचे बन. ते काढावे. हौद, हिरवळ, मोगऱ्याचे ताटवे, मग थेट पाणी. दर्या दिसावा म्हणून वाडा बांधणे आणि मग दर्या झाकणे, यात स्वतःच्याच हेतूचा विरोध होतो.

चैत्र वद्य पंचमी
शेजारचे रामभट सायंकाळी ओसरीवर. पत्नी वारल्यापासून माझ्याशी वाद घालणारे तेवढेच उरले. त्यांचे आजोळ दर्याकाठचे, म्हणून उंडीचा कैवार.
"अहो शास्त्रीबुवा, उंडी ही त्या वाड्याची भिंत आहे. भिंत पाडून घर शोभवता?"
मी इथल्या नदीकाठच्या बागेचा दृष्टांत दिला. पाण्यावरून मोकळा वारा येतो, मोगरा बहरतो.
"मुठेचा वारा! तिला समुद्र म्हटलेत तर लाजेने आटेल बिचारी."
थट्टा म्हणजे खंडन नव्हे, असे सांगितले.

वैशाख शुद्ध तृतीया
बाईसाहेबांपुढे रीतसर वाद.
दर्याच्या वाऱ्याने झाड जळते, यास प्रमाण काय, असे विचारले. रामभट : "आजोळी पाहिले आहे." कोणत्या वयात? "लहानपणी." बालकाची आठवण सभेत प्रमाण होत नाही. ते आणखी सांगू लागले, मी सभेचा नियम दाखवून थांबवले.
बाईसाहेब म्हणाल्या, "मग हरले त्यांनीच जाऊन बाग घालावी. मत पटले की नुसते तोंड मिटले, ते मला बागेवरून कळेल."
रामभटांनी उपरणे झटकले. "पटले नाही. पण हरलो, हे खरे."
जय झाला.

वैशाख वद्य प्रतिपदा
रामभट गेले. "येताना केवडा आणतो. तुमच्या कृपेने तोडलेलाच मिळेल."
परत केव्हा, हे विचारावयाचे राहिले.

ज्येष्ठ शुद्ध दशमी
उंडी पाडल्याचे कळले. आखणी बरहुकूम.
सायंकाळी रामभटांचा पक्ष मीच मांडला, मीच खोडला. मनाचे समाधान नाही. रामभट इतक्या लवकर हरत नसत.

आषाढ वद्य सप्तमी
दिवसभरात स्वयंपाकीणबाईंशी बोललो तेवढेच. विषय : आमटीत मीठ.

भाद्रपद वद्य तृतीया
बाईसाहेबांचे कारभारी कोकणातून आले. मोगरा काळा पडला. हिरवळीवर वाळू. वाऱ्याने मीठ माजघरापर्यंत, कडीकोयंडे गंजले.
"आणि भटजी?"
"भटजी रोज ताटव्यांना झावळ्यांचा आडोसा करतात. वारा उडवतो, हे पुन्हा बांधतात. अंगात ताप आहे. पुण्याला चला म्हटले, तर म्हणाले, शास्त्रीबुवांचा सिद्धांत आहे. मोगरा माझ्या हयगयीने मेला, असे त्यांनी म्हणता कामा नये."
मी असेच म्हटले असते. रामभट मला ओळखतात.

भाद्रपद वद्य चतुर्थी
माळ्याने हयगय केली, असा पूर्वपक्ष करून पाहिला. टिकत नाही. आडोशाआड एक रोप जगले आहे, असे कारभारी म्हणाले. म्हणजे दोष वाऱ्याचा; एवढ्याने निर्णय होतो.
कारभारी उद्या परत निघतात. एक तट्टू मोकळे आहे. "आपल्याला घाट उतरवेल का?" असे त्यांनी विचारले. उतरवेल असे सिद्ध करता येत नाही. उंडीची रोपे लावण्यास आता हरलेल्याने जावे, हा बाईसाहेबांचाच न्याय. त्यांच्याकडे खालील मजकूर सकाळी पाठवतो. त्या हसतील, हसोत. रामभट ताप घेऊन तोवर झावळ्या बांधत असतील की नसतील, हे कारभाऱ्यांनाही ठाऊक नाही.

मी नदीवरच्या वाऱ्याचा दृष्टांत समुद्राच्या वाऱ्याला लावला. नदीच्या वाऱ्यात मीठ नसते, हा भेद माझ्या ध्यानात आला नाही. रामभटांच्या होता, आणि मी तो त्यांना सांगू दिला नाही. माझे साध्य असिद्ध. चूक माझी.
गणेशशास्त्री, शनिवार पेठ