लिंबू फक्त उंदरांसाठी

शनिवार, ४ जानेवारी. संध्या. ६.४०
उद्या सीझनची पहिली शर्यत. भाची साक्षी गाडी चालवणार, मी टीम मॅनेजर. तिसरा भिकन, सिन्नर फाट्यावरचा मेकॅनिक. माझा जुना विद्यार्थी. आठवीत माझ्याच विज्ञानात नापास झाला होता, पण हात बरा आहे.

सगळे गेल्यावर गाडीच्या शेडमध्ये जाऊन बोनेट उघडले. इंजिनच्या कॉइलवरून, म्हणजे ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या भागावरून, जो पाइप जातो त्याला एक लिंबू आणि सात मिरच्या बांधल्या. नोंद करून ठेवतो, ही अंधश्रद्धा नाही. चौतीस वर्षे अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्याने दिली आहेत मी. मिरचीच्या वासाने उंदीर येत नाहीत आणि उंदीर वायरी कुरतडतात. बोनेटच्या आत बांधली कारण उंदीर आतच येतात. शनिवार हा योगायोग.

रविवार, ५ जानेवारी
पिंपळगावच्या पुढचे मैदान. धूळ फार. पहिली दोन वळणे साक्षीने झकास काढली. मग इंजिन तापले आणि गाडी मिसिंग मारू लागली. म्हणजे चारातला एक सिलिंडर मधूनच काम सोडतो, गाडी गचके खाते, पुन्हा नीट चालते. नववा नंबर.

साक्षी म्हणाली, मामा, गाडीत लोणच्याचा वास येत होता. म्हटले, डब्यात असेल. ती म्हणाली, डबा आणलाच नव्हता. विषय बदलला.

सोमवार, ६ जानेवारी. सकाळी ७
गाडी भिकनकडे पोचवली. त्याआधी ते लिंबूमिरचीचे काढून टाकले. लिंबू उष्णतेने फुटले होते. भिकनचे लक्ष उगाच विचलित व्हायला नको.

बुधवार, ८ जानेवारी
भिकनने प्लग काढले, वायरी तपासल्या, कॉइल बदलून पाहिली. म्हणाला, सर, हिच्यात काय बी नाय, पार ओझरपर्यंत पळवून आणली, एकदा बी गचकली नाय. मलाही एक चक्कर मारून दाखवली. खरेच गचकली नाही. मग रविवारी काय झाले होते? तो पुन्हा वायरी चाचपू लागला. अभ्यासाची सवय नसली की असे होते.

शनिवार, ११ जानेवारी
बिघाड झाला, अर्थात उंदीर आले असणार. डोस वाढवला. दोन लिंबे.

रविवार, १२ जानेवारी
गेल्या वेळेपेक्षा वाईट. अकरावा नंबर. साक्षी बराच वेळ टायरवर बसून होती. मग म्हणाली, सव्वीस तारखेच्या फायनलला पहिल्या तिनात नाही आले तर गाडी विकून टाकते. दोन वर्षे एकही रविवार घरी नाही, आणि हे असे. डोळे लाल होते. धुळीने असावेत.

तिने विचारले, मामा, तुला काय वाटते? काहीतरी बोलायला हवे होते, म्हणून म्हणालो, भिकन कॉइलचा प्लग नीट बसवत नसेल. लक्ष नसते त्याचे, शाळेतही नसायचे. बोललो आणि लगेच वाईट वाटले. शब्द मागे घेणार होतो, पण तेवढ्यात बक्षीस समारंभ सुरू झाला.

सोमवार, १३ जानेवारी
पहाटेच काढले. दोन्ही लिंबे फुटलेली. गाडी पुन्हा भिकनकडे पोचवली.

बुधवार, १५ जानेवारी
साक्षीने भिकनकडची गाडी काढून घेतली. किल्ली आणायला मला पाठवले. भिकनने किल्ली फडक्याने पुसून दिली. म्हणाला, सर, माझं काय चुकलं तेवढं सांगा, पुढं ध्यानात ठेवीन. म्हटले, काही नाही रे, जरा बदल.

संकल्प: साक्षीला सांगायचे की भिकनबद्दल बोललो ते अंदाजाने. रात्री दोन पोळ्या कमी गेल्या. पित्त असेल.

शुक्रवार, १७ जानेवारी
नवा मेकॅनिक अंबडचा. लॅपटॉप लावतो. लॅपटॉप म्हणाला, दोष नाही. संकल्प उद्यावर.

शनिवार, २५ जानेवारी
पाच लिंबे. आता उंदरांची खैर नाही. कोपऱ्यावरच्या विठाबाईकडून दर शनिवारी घेतो. तिने विचारले, सर, दुकान टाकलं का? हसलो.

रविवार, २६ जानेवारी
झेंडावंदन करून मैदानावर. फायनलला दोन फेऱ्या, त्यातली चांगली वेळ धरतात. पहिल्या फेरीत गाडी जवळजवळ बंदच पडली. लॅपटॉपवाला फोन उचलेना. दोरीच्या पलीकडे भिकन उभा होता. आपणहून बघायला आला होता. साक्षीने हाक मारली आणि तो दोरीखालून आत आला.

त्याने बोनेट उघडले. मी पाण्याच्या बाटलीचे झाकण लावत होतो. भिकन आत वाकला. मग पाचही लिंबे त्याने खिशात घातली, साक्षीला दिसणार नाही अशी. रस कॉइलच्या सॉकेटमध्ये झिरपला होता. त्याने तो पुसला, फुंकर मारून सुकवला, बोनेट लावले.

दुसऱ्या फेरीत एकही गचका नाही. साक्षी दुसरी आली. उड्या मारत येऊन तिने विचारले, काय होते? भिकन म्हणाला, कॉइलचा प्लग ढिला व्हता ताई, माझीच चूक. साक्षीचा चेहरा बदलला. म्हणाली, म्हणजे मामा बरोबर सांगत होता.

मी अजून झाकणच लावत होतो.

जाताना भिकन हळूच म्हणाला, सर, आठवीत तुम्ही दाखवलं व्हतं ना, लिंबात तारा खुपसून दिवा लावला व्हता. लिंबाच्या रसातनं वीज जाते. पेपरात तेवढंच आलं नाय, नायतर पास व्हतो मी.

सोमवार, २७ जानेवारी
साक्षीला सगळे सांगायचे. आज ती दमली असेल.

बुधवार, २९ जानेवारी
फोन केला. ती म्हणाली, बोल. मी टायरमधल्या हवेबद्दल बोललो. लाज वाटली. फार लाज वाटली.

शनिवार, १ फेब्रुवारी
सांगितले. सुरुवात उंदरांच्या घ्राणेंद्रियापासून केली, पण तिने घड्याळाकडे पाहिले म्हणून थेट लिंबांवर आलो. वाटले होते ओरडेल. निदान हसेल. तिने एकच विचारले, भिकनदादा ‘माझीच चूक’ म्हणाला तेव्हा तू कुठे होतास?

म्हटले, तिथेच.

तिने माझ्या जुडग्यातून शेडची किल्ली काढून घेतली आणि स्कूटर काढून सिन्नर फाट्याकडे गेली. मी चालत निघालो. भिकनची माफी मागायचीच होती. कोपऱ्यावर विठाबाईने न विचारता पाच लिंबांची माळ पुढे केली. नाही म्हणवेना. ती हातात घेऊन भिकनच्या दारात कसे जाणार, म्हणून घरी परतलो.

मिरच्या सोडवून बाजूला ठेवल्या. लिंबांचे सरबत केले. दोन पेले भरले होते, कोणी आले नाही, दोन्ही मीच प्यालो.