नापास कपांचं घर

प्रिय चिमे,

तुझं भलंमोठं खोकं सुखरूप पोचलं. तू स्वतःच्या हातांनी केलेली पहिली खुर्ची! आणि फोनवर काय म्हणालीस, तर बाबा, नीट तपासा, तुम्ही नापास केलीत तर मी मुकाट्याने परत ऑफिसात जाईन. आठवडा होत आला, मी चकार शब्द काढलेला नाही. तू तिकडे देव पाण्यात घालून बसली असशील. निकाल देतो, पण आधी घरची हकीकत ऐक.

मी निवृत्त झालो तरी माझी नजर काही निवृत्त होईना. उभा जन्म कपबशांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढला. कप दिव्यासमोर धरायचा, टिचकी मारायची, काही खोट दिसली किंवा आवाज बद्द आला की नापास म्हणून डावीकडे ठेवायचा. तेच मी घरीही करत आलो. पडदा एका बाजूने खाली, भाजीत मीठ कणभर जास्त, शेजाऱ्यांचं दार करकरतं. तुझी आई म्हणते, ह्यांना स्वर्गात नेलं तरी हे आधी तिथल्या फरशा ठोकून बघतील. तू लहानपणी चित्र दाखवायला यायचीस ती ते पाठीमागे लपवून. आधी माझा चेहरा बघायचीस.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी चहाला नावं ठेवली, फार उकळलाय म्हणून. आईने कपाट उघडलं आणि घरातले सगळे कप माझ्यासमोर मांडले. एकाचा कान वाकडा, एकाच्या काठावर काळा ठिपका, एक बुडाशी तिरका. सगळे मीच नापास केलेले! असे कप आम्हाला फुकट मिळायचे, आणि आपण कधी दुसरे आणलेच नाहीत. यातल्या एकाने तरी कधी तुमचा चहा गळू दिला का, एवढंच तिने विचारलं. मी एकेक कप उचलून बघितला. वाकड्या कानाचा तर तुझा लाडका. त्यातच बोट अडकवून तू दूध प्यायला शिकलीस. आपला सगळा सुखाचा संसार माझ्या डाव्या बाजूच्या मालावर चालला होता आणि मला पत्ताच नव्हता.

तेव्हापासून खोट दिसली की तोंड उघडण्याआधी त्याच वस्तूतलं काहीतरी बरं शोधतो. सुरुवातीला जीभ चावून चावून दमलो. पण पडदा खाली आहे तिथल्या वरच्या फटीतून ऊन बरोबर माझ्या पेपरावर येतं, हे पहिल्यांदाच दिसलं. आईला आधी वाटलं, ह्यांना बरं नाही. आता ती काम करताना गुणगुणते आणि मला झोप छान लागते. शेजाऱ्यांच्या दारात मात्र अजून काही बरं सापडलेलं नाही.

तर निकाल. तुझ्या खुर्चीचा मागचा एक पाय आखूड आहे, बसलं की डुगडुगते. हे लिहू नका असं आईने बजावलंय. पण लिहिलं नाही तर पुढचं तुला खरं वाटणार नाही. पाठ अशी टेकते की कंबर दुखायची थांबलीय, आणि हात ठेवायची कड इतकी गुळगुळीत झालीय की माझी बोटं सारखी तिथेच फिरतात. हे पत्र तिच्यातच बसून लिहितोय. पायाखाली कागदाची घडी घातलेली नाही, घालणारही नाही. पास-नापास करायचा धंदा मी सोडला, चिमे. ऑफिसात जायचं तर तुझ्या मनाने जा, माझ्या शिक्क्याने नको. माझं विचारशील तर तुझे हात लाकडावरच शोभतात. शिवाय आईचा या खुर्चीवर डोळा आहे आणि मला उठायचं नाही, तेव्हा तिच्यासाठी लगेच दुसरी करायला घे. त्या खुर्चीचे पाय मात्र नीट मापून काप. तुझी आई अजून माझ्याइतकी सुधारलेली नाही.

तुझाच,
डुगडुगता बाबा