सुतळीचं माप

प्रिय निशू,

इकडे मारेगावात कापसाची वेचणी जोरात आहे. उन्हं उतरली की बाया ब्लाउज न्यायला येतात, मशीनला उसंत नाही. तू होस्टेलवर जेवलीस का, हे विचारायचं नाही असं विमलताईंनी बजावलंय, म्हणून जीभ चावून बसले आहे. परवा फोनवर तू म्हणालीस, गुरुवारी समुपदेशनाला जाणार नाही, आता कधीच नाही. तेव्हापासून माझ्या हातून दोनदा सुई मोडली.

गेल्या वेळी विमलताईंनी मलाही समुपदेशनाच्या खोलीत तुझ्यासोबत बसवलं होतं. बरगड्या दिसायला लागल्या तरी तुला तू जाडच दिसतेस, म्हणून त्यांनी तुला सुतळी दिली. कंबर जेवढी वाटते तेवढा गोल जमिनीवर मांड म्हणाल्या. मग खरं माप घेऊन त्याचा गोल आत मांडला, तर मध्ये केवढी जागा रिकामी! तू म्हणालीस, सुतळीच खोटी. खरं सांगते, मला हसू आलं. मग ताईंनी दुसरी सुतळी माझ्या हातात दिली. निशू, पंचवीस वर्षं मी शिवते आहे. पुंडलिकरावांची सून फाटकातून आत येईपर्यंत मी तिचं माप सांगते, बोटभर चुकत नाही. आणि पोटच्या पोरीची कंबर मांडताना मीही जवळजवळ तुझ्याएवढाच गोल मांडला. तू रागाने उठून गेलीस. ताई मात्र मला म्हणाल्या, आजवर आम्ही सुतळी फक्त पोरींना देत होतो, आता घरच्यांनाही देऊ.

परतीच्या एसटीत बसले, तर करंजी गावाचा फाटा येईपर्यंत रडत होते. बारावीपासून तुझे ड्रेस मी चारदा आत घेतले. दर वेळी नवी टीप मारली, पण एकदाही विचारलं नाही की पोरी, काहून अशी वाळून राह्यली? उलट गिऱ्हाइकांसमोर मिरवलं, पाहा कशी शेलाटी झाली माझी लेक. दिसत सगळं होतं गं, बघायचं धाडस नव्हतं. तुझ्याकडे नीट पाहिलं असतं, तर मला माझ्याकडेही पाहावं लागलं असतं.

ज्यासाठी लिहायला बसले ते आता लिहिते. माझे सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी हे सगळे उपास तुला देवाचे वाटत आले. त्यात देवाची फक्त चतुर्थी. बाकीचे उपास तुझ्या जन्मानंतरचे. बाळंतपण आटोपलं आणि तुझी आजी चार बायांत म्हणाली, “हे तं फुगूनच राह्यली, आता हिले कायले वाढता?” त्या दिवशी ताट सरकवलं, ते आजतागायत सरकवतेच आहे. तू हे माझ्याकडूनच शिकलीस, आणि मी तुला उपदेश करत होते. तू आता ताईंकडे जाणं सोडलंस तर मी तुला गमावीन, या भीतीने घास उतरत नाही, आणि घास न उतरण्याची मला सवयही आहे, हेच तर दुखणं. काल ताईंना फोन करून माझंही नाव लिहायला सांगितलं. तुझ्यानंतरची वेळ माझी आहे. गुरुवारी पहिल्या गाडीने येते. पण एकटीने त्या खोलीत जायची मला हिंमत नाही गं. माझ्यासोबत येशील?

तुझीच घाबरट
आई