कमानीखालचा पहिला नंबर

५ जानेवारी, सकाळी ५.३०
आजपासून शिस्त. गिला वडा बंद. रोज बडनेऱ्याच्या पुढपर्यंत सायकल आणि शेवटी स्प्रिंट. २६ तारखेला अमरावती ते अकोला रेस आहे. टीमचे मॅनेजर धर्मपाल सर काल म्हणाले, गोवर्धनभाऊ, पहिल्या तिनात आले तं सायकल तुमची, नाही तं टीमची गाडी चालवा अन् पोरांले केळी वाटा. सर विनोदी आहेत. मी हसलो. ते हसले नाहीत.

सकाळी ६.००
थंडी फार. स्नायूंना धोका. उद्यापासून.

८ जानेवारी
वर्षालीला पुन्हा समजावलं. स्प्रिंटर म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या मागे लपून ताकद वाचवायची आणि शेवटच्या दोनशे मीटरला सगळ्यांच्या पुढे निघायचं. ती म्हणाली, घरात बी तुमी तेच करून राहिले, फक्त ते शेवटचे दोनशे मीटर कधी येत नाही. स्प्रिंटरच्या बायकोला मन मोठं लागतं.

११ जानेवारी
खचल्यासारखं वाटलं की कारकीर्द आठवावी. धामणगाव रेल्वे: दुसरा. पहिला तिथलाच होता, त्याला खड्डे पाठ. बाळापूर: पाचवा, पण पुढचे चौघे माझ्याहून तरुण. मूर्तिजापूर: नंबर नाही, रेल्वेचं फाटक पडलं. फाटकापाशी सगळ्यात आधी मी पोचलो होतो, हे कोणी बोलत नाही.
विजय: एक. लग्नाच्या आधीचा. तो पाहूनच वर्षालीने होकार दिला. तिला वाटलं असेल, हे असंच चालू राहील.

१५ जानेवारी
आज पियुषबरोबर सराव. टीममधला नवा पोरगा. माझ्यापुढे राहून वारा अडवायचा आणि शेवटी बाजूला व्हायचं, एवढंच त्याचं काम. तो बाजूला झाला तेव्हा मी मागे नव्हतोच. थांबून म्हणाला, दादा, मी लय जोरात गेलो काय? पोराला वळण चांगलं आहे.
घरी येऊन बाथरूममध्ये रडलो. नळ सोडून ठेवला होता. छत्तीस वर्षांच्या माणसाला सायकलशिवाय काही येत नाही आणि आता सायकलही येत नाही, असं कोणी म्हटलं तर? अजून कोणी म्हटलेलं नाही. मीच लिहिलं. खोडायला हवं.

१८ जानेवारी
दोष पायांत नाही, आत्मविश्वासात आहे. उपाय सापडला. आपल्याकडे माणूस निवडून यायच्या आधी रस्त्यावर 'भावी' म्हणून त्याची कमान लागते. मीही फ्लेक्सची कमान छापून घेतली, फक्त 'भावी' काढून टाकलं. 'प्रथम क्रमांकाबद्दल गोवर्धनभाऊंचे हार्दिक अभिनंदन.' गॉगलवाला फोटो. छापणारा म्हणाला, खाली शुभेच्छुक लागतेच, नाही तं लोक म्हणतीन सोताच लावलं. धर्मपाल सर, अकोल्याचे भाऊजी जीवनराव आणि पियुष, असे तिघांचे फोटो टाकले. वर्षालीने फोटो द्यायला नकार दिला.
जीवनराव फिनिश लाइनच्या पलीकडे कमान उभारतील. बाबांना मळ्यातला झेंडू राखून ठेवायला सांगितला. म्हणाले, तू जिंकून तं ये बावा, झेंडू कोठी पळून चालला?

२५ जानेवारी
विश्रांती. ताकदीसाठी गिला वडा. एकच प्लेट, दोनदा.

२६ जानेवारी, संध्याकाळी
लिहावंसं वाटत नाही.
आयुष्यातली सगळ्यात चांगली रेस झाली. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव मंजू गेलं, मी घोळक्यातच. अकोल्यात शिरलो तरी पाय शिल्लक होते. मान खाली, पुढे पियुष. मान वर केली तर समोर कमान आणि कमानीवर मी. पियुषच्या बाजूने निघालो. तो ओरडला, दादा, अजून पुढं हाय. मी म्हटलं, माहीत आहे, मीच पुढे आहे. कमानीखालून पहिला गेलो. दोन्ही हात वर केले, डोळे मिटले, पायडल सोडलं.
डोळे उघडले तेव्हा सगळे माझ्या दोन्ही बाजूंनी जात होते. लाइन वळणाच्या पलीकडे होती. चौतिसावा आलो. पियुष जिंकला.
सायकल धरून दुभाजकावर बसलो आणि रडलो. इथे नळ नव्हता.

२७ जानेवारी
जीवनराव म्हणाले, लाइनच्या पलीकडं मंडप होता, म्हणलं अलीकडं लावली तं तुमाले लवकर दिसन. लवकर दिसली.
धर्मपाल सरांना फोन करून सांगितलं, कमानीपर्यंत मीच पहिला होतो. सर म्हणाले, गाडीचा क्लच जरा कडक हाय.

२ फेब्रुवारी
आज अकोल्यात पियुषचा सत्कार. टीमला गाडीतून मीच नेलं. क्लच खरंच कडक आहे.
कमान तीच. वाया कशाला घालवायची म्हणून जीवनरावांनी माझ्या गॉगलवर पियुषचा चेहरा चिकटवून घेतला आणि नाव बदललं. खाली पियुषच्या जागी माझा फोटो. एका बाजूची दोरी ढिली होती, ती मीच ओढून बांधली. पियुष जवळ येऊन म्हणाला, दादा, तुमाले वाईट तं नाही वाटून राहिलं? मी म्हटलं, वाटून राहिलं. मग बाबांनी दिलेला झेंडू त्याच्या गळ्यात घातला.
वर्षाली कमानीकडे बघत उभी होती. मीही बघितलं. खालच्या ओळीत धर्मपाल सर, मग जीवनराव, मग मी. शेवटी पहिल्या तिनात आलो.