जिथं पाखरू, तिथं धोंडा

४ जानेवारी १९६०, सकाळी
आजपासून रोजनिशी. मी सांगणार, सूनबाई वनमाला लिहिणार. ती चौथी पास. माझ्याशिवाय ही वही कुणी वाचायची न्हाय. मला वाचता येत न्हाय, म्हणजे गुपित पक्कं.
कारण असं. आमचा बलभीम शाळेत ड्रिल मास्तर. पोरांना फुटबॉल शिकवतो. अंगणात सहावा गडी मावत न्हाय, म्हणून पाच-पाचांचा. तीन वर्षं झाली, कळंबला सामन्याला जातात अन् गोल एक न्हाय. हेडमास्तर म्हणाले, सव्वीस तारखेला एक तरी गोल करा. न्हाय तर बॉल कपाटात अन् अंगणात वांगी.
बलभीम दोन दिवस नीट जेवला न्हाय. म्हणतो, पोरं एकटी असली की नेम लागतो, अंगावर गडी आला की बॉल भलतीकडंच जातो. त्याला प्रेशर म्हणतात.
म्हणलं, ल्येका, नेमाचं माझ्यावर सोड.

६ जानेवारी
शाळेत गेले. पोरं हसली. हसू द्या. चाळीस वर्षं शेतात माळ्यावर उभी राहून गोफण फिरवली, जोंधळ्याचं एक कणीस पाखराला दिलं न्हाय. शेजारची धुरपदाबाई म्हणते, धोंडा कधी लागला न्हाय, तुझ्या आवाजानंच उडायची. धुरपदाबाईला दिसतंय कमी.
पहिला पाठ: जिथं पाखरू, तिथं धोंडा. पाखरावरची नजर काढायची न्हाय.

९ जानेवारी
गोलात बुजगावणं उभं केलं. अंगात बलभीमचा कोट. बॉलात चिंध्या भरलेल्या, उडत न्हाय, हे बरं. तरी नेम लागंना. प्रेशर कमी पडतंय.
सोमवारी मेंढरंवाल्या गुंडप्पाचा एडका आणायचा.

११ जानेवारी, दुपारी
एडका आणला. पोरगं बॉलपाशी आलं की मागनं एडका सोडायचा अन् मी रॉकेलचा डबा बडवायचा. पहिलं पोरगं बॉल सोडून लिंबावर चढलं. दुसऱ्यानं मारला. एडक्यानं बलभीमला पाडलं. बरंच झालं, प्रेशर मास्तरालाही कळाय पाहिजे.

१५ जानेवारी
बुजगावण्याच्या छातीवर दहातले सात. मुंडकं दोनदा उडालं.
बलभीम म्हणतो, आई, मोकळा कोपरा बघाय शिकव. आता मोकळ्या जागी धोंडा कोण मारतं? कोपरा काय कणसं खातोय?
संकल्प: शिकलेल्या माणसाशी गोड बोलायचं.

१६ जानेवारी
संकल्प मोडला. सुरुवात त्यानं केली.

२१ जानेवारी
विसातले वीस! एडकासुद्धा कंटाळला, पोरं जागची हलत न्हाईत. हेडमास्तर बघून गेले, वांग्याची रोपं थांबवा म्हणाले. बलभीम तीन भाकरी जेवला.
जेवता जेवता म्हणाला, एकदा खरा गोलकीपर उभा करून बघू. म्हणलं, मास्तर, गोलकीपर अन् बुजगावण्यात फरक काय? दोघांचं काम हात पसरून उभं राहायचं.

२६ जानेवारी, पहाटे
एसटीत एडका घेईनात. कंडक्टर म्हणतो, आज्जे, त्याला फुल तिकीट का हाफ? डबा तेवढा घेतला.

२६ जानेवारी, संध्याकाळी
सामना परंड्याच्या पोरांशी. डबा बडवला. समोरनं गडी धावून आले, बाजूनं माणसं वरडली, पण आमची पोरं डगमगली न्हाईत. बारा वेळा बॉल मारला. बाराच्या बारा गोलकीपरच्या छातीवर. असा नेम जिल्ह्यात न्हाय.
चार-शून्य. चार त्यांचे.
त्यांचा गोलकीपर व्यंकट बक्षिसाचा पेला घेऊन आला, पाया पडला. म्हणाला, आज्जी, मला जागचं हलावंच लागलं न्हाय बघा.
बलभीम एसटीत खिडकीबाहेर बघत होता. बाहेर काहीच नव्हतं.

२९ जानेवारी
अंगणात वांग्याची रोपं लागली. गोलाचे खांब तसेच, बुजगावणंही तिथंच. बलभीमनं कोट मागितला न्हाय. तीन दिवस माझ्याशी बोलला न्हाय.
दुपारी चिमण्या आल्या, नेमक्या बुजगावण्याच्या खांद्यावर बसल्या. सगळी पोरं बघत होती. म्हणलं, आता बघा नेम कशाला म्हणतात. गोफण काढली. नजर पाखरावर. गरगर फिरवली, सोडली.
चिमण्या बसूनच. धोंडा खांबाच्या आतनं, मोकळ्या कोपऱ्यातनं पार गेला.
बलभीम म्हणाला, गोल.