कोरीनचा परवाना

तुरुंग, न्यू जर्सी
१४ मार्च

ती. ओपलमावशीस कोरीनचा साष्टांग नमस्कार.

घाबरू नकोस, मला लागलेलं-खुपलेलं नाही. गाडीचा मागचा दिवा गेला होता म्हणून पोलिसाने थांबवलं. पिस्तुलाच्या वर्गात शिकवलं होतं तसं मी आपणहून सांगितलं, की पर्समध्ये पिस्तूल आहे आणि हा त्याचा परवाना. पोरगा सभ्य होता. म्हणाला, बाई, हा कागद तुमच्या वेस्ट व्हर्जिनियात चालतो, इथे नाही. मग त्याने मला बेड्या घातल्या.

माझी जूनी मागच्या सीटवर बसून सगळं बघत होती. तिला बालकल्याणवाल्यांनी नेलंय. तू लगेच निघ आणि तिला घेऊन जा. तिच्या बापाला, रँडलला कळायच्या आत, मावशी. त्याने माझं दार फोडलं तेव्हा मी कोर्टात संरक्षण मागितलं, तर जज म्हणाले होते, दार मोडलंय, माणूस नाही. त्यानंतरच मी ते पिस्तूल घेतलं, हे तुला ठाऊकच आहे.

तुझी,
कोरीन

एल्किन्स, वेस्ट व्हर्जिनिया
२३ मार्च

चि. कोरीनला मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या काकांचा खटारा ट्रक घेऊन मी गेले. तू हसशील, वाटेत दोनदा ढकलावा लागला. पण माझ्या आधी रँडल तिथे हजर होता. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. बालकल्याणच्या ऑफिसातली बाई म्हणाली, मावशीआजीपेक्षा बापाचा हक्क मोठा. मी दाराचं सांगितलं. ती म्हणाली, त्याच्यावर एकही गुन्हा नाही; मूल सापडलं ते आईच्या गाडीत, भरल्या पिस्तुलाशेजारी.

जूनी त्याच्यासोबत गेली. रडली नाही. मी तिच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला, तो तिने आधी बापाला दाखवला आणि मग घेतला.

तू हिंमत ठेव, पोरी. नीट जेव.

तुझी,
ओपलमावशी

तुरुंग
९ एप्रिल

ती. मावशीस नमस्कार.

सरकारी वकील मिळालाय, आमच्या वर्गातल्या हडकुळ्या नॉर्मनसारखा दिसतो. म्हणतो, परवाना होता, लपवलं नाही, हे सगळं खरं, पण कायद्यात त्याला जागा नाही. लढून हरले तर साडेतीन वर्षं सुटका नाही. गुन्हा कबूल केला तर वर्षभरात बाहेर, पण तो डाग जन्माचा. मग नर्सिंग होममधली नोकरीही गेली आणि जूनीसाठी कोर्टात उभं राहायचं तोंडही.

मला लढायचंय. तू एकदा रँडलच्या घरावरून जाऊन ये. ती शाळेत जाते का, तेवढं बघ.

कोरीन

एल्किन्स
२० एप्रिल

चि. कोरीनला आशीर्वाद.

कसं लिहू कळत नाही. घर रिकामं आहे. शेजारची मिसेस टेनंट म्हणाली, रँडलने सामान भरलं आणि टेक्सासला की ओक्लाहोमाला, कुठेसा गेला. शेरीफकडे गेले. त्याने बसायला खुर्ची दिली, कॉफी दिली. म्हणाला, ओपल, बाप लेकीला घेऊन कुठल्याही राज्यात जाऊ शकतो, कोर्टाची मनाई नाही. मी कशाच्या जोरावर अडवू?

काका शाळाशाळांतून फोन करताहेत. कोणी काही सांगत नाही. तू हिंमत ठेव.

ओपलमावशी

तुरुंग
२ मे

ती. मावशीस कोरीनचा नमस्कार.

काल गुन्हा कबूल केल्याच्या कागदावर सही केली. वकील म्हणाला, लढायचं होतं ना तुम्हाला? मी म्हटलं, लवकर सुटले तर निदान शोधता तरी येईल. तो कागद आवरता आवरता म्हणाला, सापडली तरी अशा शिक्षेनंतर कोणता जज ताबा देईल हे मी सांगू शकत नाही. चांगला माणूस आहे, खोटं बोलवत नाही त्याला.

काकांना सांग, फोन पुरे आता, त्यांचं ब्लडप्रेशर वाढतं. तू मात्र पत्र लिहीत जा. गुडघ्याचं लिही, चर्चमधल्या भांडणांचं लिही, ट्रक पुन्हा कुठे बंद पडला ते लिही. फक्त हिंमत ठेव असं लिहू नकोस.

माया असू दे.

कोरीन