मी शिंपी झालो त्याची हकीकत

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या आणि अजून शहाणा न झालेल्या भावाचा नमस्कार. भावोजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? माझी काळजी करू नये. मी जेवतो, झोपतो, दाढीही करतो. ही गेल्याला वर्ष होत आले, तेव्हा मला बघायला म्हणून मुद्दाम येण्याची गरज नाही. एवढेच कळवायला बसलो होतो, पण मधल्या काळात मी शिंपी झालो आहे, तेही सांगितले पाहिजे.

त्याचे असे झाले. पालिकेने आमची गल्ली निवासी ठरवली. ठोकाठोकीच्या धंद्यांनी गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत जायचे. इथेच राहायचे तर कामाचा आवाज रस्त्यावर येता कामा नये. माझ्या शेजारी पत्रेवाल्याचे दुकान. तो डबे आणि पेट्या करतो. डब्याचे झाकण बसवून घ्यायला तिकडे लांब कोण जाणार? तो गेला म्हणजे धंदा बसलाच. तो माझ्याकडे सल्ल्याला आला. पूर्वी अशा वेळी सगळी गल्ली हिच्याकडे यायची. (ही पालिकेत नुसती शिरली तरी तिथले पंखे जोरात फिरत.) मी जन्मभर नकाशे काढले, म्हणजे मला नियम कळत असणार असा त्याचा समज. मी गप्प राहिलो. कमी बोलणाऱ्याला लोक विचारी समजतात. त्या एका गैरसमजावर माझी सगळी नोकरी निभावली.

मग मी सल्ले दिले. हातोड्याला गोणपाट गुंडाळायला सांगितले. त्याने दिवसभर ठोकले. पत्रा होता तसा राहिला आणि त्याचा खांदा मात्र धरला. 'काका, तुम्ही हातोड्याला झोपवलंत,' तो म्हणाला. मग दार बंद ठेवायला सांगितले, तर गिऱ्हाईक दुकान बंद समजून परत जाऊ लागले. शेवटी आमच्या घरात एक गादी रिकामीच होती, ती त्याच्या रस्त्याकडच्या भिंतीला लावली. आवाज थांबला. तपासणीच्या दिवशी पत्रेवाल्याने मला हात जोडले. 'काका, फार उपकार झाले. आज फक्त घरात बसा. काही करू नका.'

मी बसलो. आता ताई, एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. दुपारी घर फार गप्प असते. म्हणून मी हिच्या शिलाई मशीनवर बसून पाय मारतो. दोरा नाही, कापड नाही, नुसती खडखड. (भावोजींना सांगू नकोस.) त्या दुपारीही सवयीने बसलो. बाहेर तपासनीस रस्त्यावर कान देऊन उभा. हातोडा ऐकू येईना आणि खडखड मात्र खणखणीत! 'मागच्या खोलीत मशीन लपवलंय होय? नाटकं करता?' तो पत्रेवाल्यावर ओरडला. पत्रेवाल्याचा चेहरा उतरला, पण तो तोंडातून अवाक्षर काढीना. मी बाहेर आलो.

'आवाज माझा आहे. मी शिवणकाम करतो.'

'काय शिवता?'

'सरळ,' मी म्हणालो.

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. शिलाईला निवासी भागात परवानगी आहे म्हणे. पत्रेवाल्याचे दुकान राहिले, आणि माझी शिंपी म्हणून नोंद झाली. पुढच्या फेरीला काम दाखवायचे आहे.

नंतर मी पत्रेवाल्याला विचारले, 'अरे, आवाज काकांचा आहे हे सरळ सांगायचं ना!'

'तुमची मशीन सुरू झाली की मी रोज हातोडा खाली ठेवतो, काका,' तो म्हणाला. 'ते काय पालिकेला सांगायचं?'

भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : जुन्या चादरी असल्या तर पाठव. अभ्रे शिवीन म्हणतो. चारही बाजू सरळच असतात.

आणखी एक : मशीनमध्ये दोरा कुठून कुठे ओवायचा ते मी कधी पाहिलेच नाही. पत्राने ते कळणार नाही. चादरी पाठवू नकोस, घेऊनच ये.